पाच इंची

तिबिलिसीत, चपलांच्या दुकानामागे
झुराबकडे स्पीकरच्या दोन जोड्या.
पहिली नवीकोरी, तीनशे लारी, हप्त्याने चालेल.
नेस्तानचा आवाज तिने असा तुपात घोळवला
की चुकलेला सूरही गोड लागला.

दुसरी जुनी, पाच इंची,
एका कोपऱ्याचा रंग उडालेला.
"ही कुणाचं मन राखत नाही,"
झुराब म्हणाला, विकायचीच नसल्यासारखा.

तेच गाणं पुन्हा लावलं.
दुसऱ्या ओळीत सूर उतरलेला.
फ्रिजची घरघर.
आणि कडव्यांच्या मधल्या जागेत
दाराशी कुणाचा तरी दाबलेला खोकला

वडिलांचा.
तुझं गाणं मला ऐकवत नाही, म्हणणाऱ्यांचा.

तिने घासाघीस केली नाही.
फक्त विचारलं,
भिंतीपासून किती लांब ठेवू?