पावणेअठ्ठावीसशे

माझ्या सासऱ्यांच्या तोंडात अजून औटकी आहे.
शाबामास्तर. निवृत्त होऊन सव्वीस वर्षं.
पूजेला जास्वंद काढताना पुटपुटतात,
एक औट औट, बे औटे सात, तीन औटे साडेदहा.
शेजारणीला वाटतं, स्तोत्र.
लग्न होऊन या घरात आले तेव्हा
मला वाटलं होतं, औट म्हणजे पक्षी असावा,
एक औट, बे औटे, तीन औटे माडावर.
साडेतीन हे मला उशिरा कळलं
आणि तेही नवऱ्याकडून.

सावईवेऱ्याच्या त्यांच्याच शाळेत मी शिकवते.
कपाटावर जिथं त्यांची छडी असायची
तिथं आता प्लास्टिकचे ठोकळे आहेत,
लाल, निळे, दहा-दहाच्या दांड्या.
पर्वरीला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, चहा चांगला होता.
सांगितलं गेलं, उत्तर देऊ नका, वाट पाहा.
मी पाहते. पटावर अकरा मुलं.
वाट पाहायला वेळ पुष्कळ.

जेवताना आमचं ठरलेलं.
ते म्हणतात, तुझी पोरं सात आठेला बोटं शोधतात.
मी म्हणते, तुमच्या पोरांना छप्पन्न यायचं,
छप्पन्न काय, ते यायचं नाही.
मध्ये हुमण गार होतं.

परवा रविवारी पास्कू पाडेली आला.
एका माडाला पंच्याहत्तर,
गेल्या साली साठ होते.
सदतीस माड, मी मोजून ठेवलेले.
मागल्या चाळीतली रेणव्वा नारळ गोळा करायला आली होती,
माझीच, चौथीतली,
बाप चिऱ्यांच्या खाणीवर.

दुपारी हिशेब. मी मोबाईल शोधतेय
तोवर मास्तर डोळे मिटून म्हणाले,
सदतीस पाऊण पावणेअठ्ठावीस.
पावणेअठ्ठावीसशे दे त्याला.
म्हणजे किती, रेणव्वानं विचारलं.
म्हणजे पावणेअठ्ठावीसशे, मास्तर म्हणाले,
सूर्याला कुणी पत्ता विचारावा तसे.

ती अंगणात उकिडवी बसली,
काटकीनं मातीत चिरा काढला,
त्याचे चार तुकडे केले, एक पुसला.
शंभरातला हा पाव नको, म्हणाली स्वतःशीच.
मग सदतीस शंभर, छत्तीसशे आणि वर शंभर,
छत्तीसचा पाव नऊ,
उरल्या शंभराचे पंचवीस,
सदतीसशेतनं नऊशे पंचवीस गेले.
हे कुणी शिकवलं, मास्तरांनी मला विचारलं.
मी नाही, म्हटलं. खाणीवर असंच फोडतात असेल.
त्यांनी चष्मा लावला,
वाकून बराच वेळ मातीकडे पाहिलं.
पुसलेल्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाले,
पाऊण इथं असतं होय.

मी नोटा मोजत होते.
पास्कूनं कमरेचा कोयता काढून पायरीवर ठेवला.
अडतीस, म्हणाला.
विहिरीकडचा तो वांझ माड,
त्याला काय होतं, मी म्हटलं, एक नारळ नाही.
चडलों न्ही हांव?
नाल्ल ना म्हूण माड उणो जाता?

कुणी काही बोललं नाही.
त्याच्या तळपायांना सालीचे व्रण होते, नवे.
मास्तरांची पाऊणकी बरोबर होती,
रेणव्वाचा चिरा बरोबर होता,
आणि माझा मोबाईलही बरोबरच असता.
अडतीस पाऊण साडेअठ्ठावीस,
मास्तर म्हणाले, या वेळी जरा सावकाश,
प्रत्येक शब्दाखाली काहीतरी चाचपत.

सोमवारी फळ्यावर मी माड काढला,
नुसता, वर काही नाही.
हा मोजायचा का, विचारलं
आणि वाट पाहिली.
पाच म्हणाले हो, चार म्हणाले नाही.
एकजण खिडकीबाहेर बघत होता.
रेणव्वा म्हणाली, बाई, कुणी मोजायचाय?
तेवढ्यात खिचडीची गाडी आली.