एक जानेवारी

मिडल्सब्रोच्या दवाखान्यात काचेमागे बसून
दिवसभर मी एकच विचारते :
जन्मतारीख?
नावं सारखी असतात म्हणून. फाईल चुकू नये म्हणून.

टेकडीखालच्या त्या सरकारी घरातून येतात
ते सगळे एक जानेवारीचे.
खार्टूमचा वायरमन. असमाऱ्याची दोन भावंडं,
दिवस एकच, वर्ष तेवढं वेगळं.
आणि मासूमा, गझनीच्या डोंगरातली,
मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका.
होती, असं लिहायला हवं.
ज्याच्यापाशी कागद नाही त्याला इथे
वर्षाचा पहिला दिवस देतात.

मला त्याचं नवल नव्हतं. माझे बाबा एक जूनचे.
मूर्तिजापूरच्या शाळेत गुरुजी म्हणाले,
डोक्यावरून हात ने, पलीकडचा कान धर.
हात पोचला. नाव पटावर चढलं.
निम्मा वर्ग एक जूनचा,
मे अखेरीला सगळे एकदमच निवृत्त झाले,
हारांना फुलं पुरेनात.
मासूमाला हे सांगितलं, हसेल म्हणून.

म्हणाली, तुझ्या वडिलांना तारीख माहीत नव्हती.
मला माहीत आहे.
तेवीस हूत, तेराशे एकोणसत्तर.
आजोबांनी कुराणाच्या कोऱ्या पानावर लिहिली होती,
शेजारी त्या साली बर्फ किती हात पडला ते.
कुराण मावशीकडे राहिलं.
मावशीचं घर राहिलं नाही.
हजेरीपुस्तक मात्र मी माझ्या हाताने चुलीत घातलं,
तीनशे चार मुलींची नावं, बापाच्या नावासकट.
कुणाच्या हाती लागली असती तर.
नीट जळत नव्हतं. पुठ्ठा जाड होता.

मुलाखतीत साहेबाने विचारलं, पुरावा?
मी म्हटलं, जाळला, तोच पुरावा.
दुभाष्याने त्याचं काय केलं कोण जाणे.
साहेबाने लिहिलं : एक, एक.

हूत म्हणजे काय, मी विचारलं.
मासा.
म्हणजे मीन रास, मी म्हटलं, आमच्यातही मासाच.
तेव्हा तिने पहिल्यांदा
काचेतल्या भोकाशी वाकून माझा चेहरा पाहिला.

नव्या वर्षाला त्या घरात एकच केक आला,
चौघांची नावं मावेनात म्हणून वर नुसता आकडा.
वायरमनने पार्मो मागवला, भावंडं नाचली.
मासूमा वर निघून गेली, दार लावून.
चौथ्या तुकड्याला कुणी हात लावला नाही,
हे मला वायरमनने सांगितलं, खोकल्याचं औषध घेताना.

आता ती कारखान्यात सॅलडच्या पिशव्या भरते, रात्रपाळीला,
तीन वाजता सुटते,
टीज नदीवरून वारा थेट हाडात शिरतो.
चारला बिछान्यात बसून फोन लावते.
तिकडे साडेआठ झालेले असतात,
कुणाच्या तरी तळघरात अकरा मुली,
एक फोन, पीठाच्या डब्याला टेकवलेला.
परवा अपूर्णांक झाले.
म्हणाली, छेद समान केल्याशिवाय बेरीज होत नाही,
हे एकीला तीनदा सांगावं लागलं.
हजेरी घेत नाही.
आवाजावरून ओळखते.

बाबांना मी फोनवर विचारलं,
तुम्ही नक्की कधी जन्मलात?
म्हणाले, आई सांगायची, हुरडा संपत आला होता.
मग थोडं थांबून : आता काय करायचंय त्याचं?
मग पुन्हा : थंडी होती, एवढं नक्की.

कॉम्प्युटरात तारीख बदलता येत नाही.
मी दोनदा अर्ज पाठवला. दोन्हीदा पोच आली.
मासूमा दवाखान्यात येते, दाताला, पाठीला,
मी नियमाप्रमाणे विचारते, जन्मतारीख?
एक जानेवारी, ती इंग्रजीत सांगते,
आणि त्यामागून, हळू, तिच्या भाषेत, दुसरी.
त्याला चार-पाच सेकंद लागतात.
मागे रांग असते, एक बाळ रडत असतं,
फोन वाजतो.
मी मान वर करून ऐकते.