चौथा क्रमांक

पार्क मैदानावर, चौऱ्याहत्तर साली,
आम्ही चौथे आलो. चौथ्याला ढाल नसते.
परीक्षक एवढंच म्हणाले, "कन्ना चौकवाले, बरं वाजवलंत."

बरं!
नरसय्याचा ओठ फुटून रक्त आलेलं,
अंबादासचे बूट थोरल्या भावाचे, पुढे चिंध्या कोंबलेले,
आणि माझा ड्रम, वादी तुटली म्हणून
चादरीच्या काठाने गळ्यात बांधलेला.

बिगुलाला पाचच सूर. बटण नाही, किल्ली नाही.
सहावा हवा असेल तर गप्प राहायचं,
चिलका सर सांगत. फौजेतले, एका कानाने गेलेले.
सूर लावायचा तो गिरणीच्या भोंग्यावर:
तीनची पाळी सुटली की सगळे एकदम,
आणि साखर पेठेतली कुत्री आमच्या मागोमाग.

पोलीस लाइनीचं पथक अजून लोकांना आठवतं.
आमचं नाव काढलं तर
नरसय्याची सूनसुद्धा विचारते, लेझीम होतं का?

परवा त्याच्या माळ्यावर बिगूल सापडला.
फुंकला. आधी धूळ, मग कापसाचं तूस,
मग एक सूर.
"उतरलाय जरा," मी म्हणालो.
"कशावरून?" नरसय्याने विचारलं.

मी गप्प.