रन म्हणजे

जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये नवी मशीन आली,
तिच्यामागून गुओ साहेब आला,
आणि मी बी.ए. इंग्लिश, अंबड कॉलेज, सेकंड क्लास,
म्हणून रात्रपाळीचा चहा झाला की त्याला शब्द शिकवायचे मीच.

पहिला त्यानंच आणला, मॅन्युअलमधून,
चिमटीत किडा धरावा तसा:
रन.

धावणे, मी म्हटलं,
आणि शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावून दाखवलं.
त्यानं वहीत लिहिलं. मग मशीनकडे बोट केलं.
हिला पाय कुठंयत?

खरंच की.
इंग्रजीत मशीन धावते, आमच्यात चालते,
त्याच्याकडे म्हणे उघडतात तिला, दारासारखी.
दिवासुद्धा उघडतात.
कडूबा डोईफोडे तंबाखू मळता मळता म्हणाला,
आमी तर दुकानसुदिक बंद नाही करत, वाढवतो. सांगा त्याला.
ते मला इंग्रजीत नेता आलं नाही.

पंधरा दिवस रन पुरला.
नाक रन होतं.
नळ रन होतो, बाराव्या दिवशी, पहाटे, पाऊण तास.
इलेक्शनला तिकडं धावतात,
आपल्यात उभे राहतात, न् पाकीट पोचलं की बसतात.
यावर कडूबा एकटाच हसला.

घड्याळापाशी मात्र अडलो.
धावतं, मी म्हटलं.
तो नाही म्हणाला. मनगटावरून दोन बोटं
एकामागं एक टाकत नेली, सावकाश:
चोऊ. चोरातला च. चालतं.
आमचंही चालतंच, मी म्हटलं.
त्या रात्री पहिल्यांदा त्यानं माझ्या पुडीतली बडीशेप घेतली.

मग एकदा, एप्रिलात,
फोन खिशात टाकून तो भट्टीपासून लांब उभा राहिला
आणि नीट शब्द जुळवून म्हणाला,
माय फादर वॉक्ड.

सवयीनं तोंड उघडलं होतं मी,
कुठं वॉक्ड ते सांगावं लागतं, वाक्य अपुरं राहतं असं.

कडूबाला इंग्रजीचं अक्षर येत नाही.
तो हात पुसत जवळ आला.
गेले का?

गेले.
कुठं, ते न सांगता पुरं.

कडूबानं जाऊन मशीन वाढवली.
लॉगबुकात मी लिहिलं, साहेबांना कळेल अशा भाषेत:
नॉट रनिंग. फाइव्ह मिनिट्स.
कारणाचा रकाना होता,
तो तसाच ठेवला.