एका फेरीला एक चूक

रायबंदर ते चोडण सात मिनिटं,
ओहोटीचा जोर असला तर नऊ.
तेवढ्यात एकच चूक दुरुस्त करायची, असं लुडोविना टीचरचं ठरलेलं.
दोन काढल्या तर दोन्ही पाण्यात पडतात, म्हणते.
सात वीसच्या बोटीला येते,
कापडी पिशवीत पाव आणि लाल पेन,
बसायच्या आधीच हात पुढे:
"वही."

मी चव्वेचाळीस वर्षांचा खलाशी.
घरात कोंकणी, चौथीपर्यंत मराठी,
आणि पाचवीत एकदम इंग्रजी,
शिडी न लावता माडीवर बोलावल्यासारखं.
आता खात्याची परीक्षा आहे.
पास झालो तर सुकाणू,
नाहीतर हाच दोर, निवृत्तीपर्यंत.

पहिल्या दिवशी 'आय डिड नॉट वेन्ट'.
मी नुकताच दोर गुंडाळला होता त्या खुंट्याकडे तिनं बोट दाखवलं.
"भूतकाळ डिडला बांधलास ना?
मग गोला परत गाठ कशाला?
दोन्हीकडून आवळलीस तर पाणी उतरल्यावर लटकेल."
हे मला लगेच कळलं.
तसं लटकलेलं होडकं मी सोडवलेलं आहे,
कोयत्यानं, शिव्या देत.

बाकीचं इतकं सोपं नव्हतं.
मी दोर सोडला, साखळी सोडली, फळकूट सोडलं;
काम माझं, पण मराठीत क्रियापद वळतं वस्तूकडे,
तिची विचारपूस केल्यासारखं.
इंग्रजीत सगळ्याला 'रिलीज्ड'.
दोर असो, साखळी असो, मान म्हणून वळवत नाही.
"एवढं ताठ?"
"सोपं मिळालंय ते घे," टीचर म्हणाली,
आणि उतरून गेली.

नदीवरून मात्र आमचं वाजलं.
बोटीला 'शी' म्हटलेलं चालतं, मांडवीला 'इट'.
लोखंड बाई, आणि नदी वस्तू?
मी वही काढून घेतली.
दोन दिवस इंजिनाजवळ उभा राहिलो, तिच्याकडे पाठ करून.
तिसऱ्या दिवशी तिनं माझ्याच खिशातून वही ओढली
आणि कडेला लिहिलं, मराठीत, मोठ्या अक्षरात:
परीक्षेत इट. बोटीवर तुझं तू बघ.

मग मार्चमध्ये इंजिन बंद पडलं, ऐन मध्यावर.
एकतीस स्कूटर, एक टेंपो, दोन मासळीच्या पाट्या,
सगळं हळूहळू खारफुटीत जाऊन टेकलं.
कोणाला खरचटलंही नाही. पण रिपोर्ट इंग्रजीत हवा.
रात्रभर बसून मी लिहिलं: 'द बोट इज ड्रिफ्टेड'.
"कोणी वाहवली?" टीचरनं विचारलं.
"कोणी नाही. वाहत गेली."
"मग तसं लिही. 'द बोट ड्रिफ्टेड'. बस्स.
जिथं कोणाचा हात नाही तिथं हात दाखवू नको.
चौकशीत तो तुझाच निघेल."

बेतीच्या ऑफिसातून रिपोर्ट परत आला.
कुंकळकर साहेबांनी माझं वाक्य खोडून
वर 'वॉज' घातलं होतं. खाली सही, शिक्का.
मी तो कागद चार वेळा घडी घातला, चार वेळा उलगडला.
आयुष्यात पहिल्यांदाच चूक दिसत होती
आणि ती माझी नव्हती.

टीचरनं चष्मा चढवला. वाचलं. हसली ती इतकी
की चोडण आलं, फळी पडली,
स्कूटरी उतरल्या, नव्या चढल्या, तरी ही बाकावरच.
"कुंकळकर?" डोळे पुसत म्हणाली,
"पाचवी ब. खिडकीजवळचा."
मग एकदम गप्प.
बोट रायबंदरकडे निघाली तशी
लाल पेन पिशवीत टाकून म्हणाली,
"त्याला सांग, सात वीसला ये."

साहेबाला हे कोण सांगणार?
तिनं एक पाव मोडून अर्धा मला दिला.
त्या फेरीला वही उघडली नाही.