पोर्ट ९०८०

बॅलार्ड इस्टेट, दुसरा मजला, रात्रीचा दीड.
गोदी कामगारांच्या पेन्शनचं नवं पोर्टल
सत्त्याण्णव टक्क्यांवर अडलंय.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय,
बादलीवर पांढऱ्या रंगात ‘रेकॉर्ड विभाग’.
सकाळी दहाला अध्यक्ष येणार, हार सांगितलाय,
कळ दाबायची आहे त्यांना, कुठली ते ठरलेलं नाही.

लॉग उघडते.
चौदा हजार ओळी; तेरा हजार नऊशे सगळं ठीक असल्याच्या.
नोकरीतला माझा अनुभवही साधारण असाच.
मग एक ओळ, लाजल्यासारखी:
पोर्ट ९०८० आधीच वापरात आहे.

पुण्याहून तन्वीर फोनवर जांभई देतो,
‘रीस्टार्ट मार आणि झोप.’
पण हे यंत्र सहा वर्षांत कुणी बंदच केलेलं नाही.
पुन्हा उठेल याची हमी
मी देत नाही, तोही देत नाही.

कोण बसलंय तिथे, विचारते.
उत्तर येतं: परकार.
दोन हजार तीनशे अकरा दिवस.
मेमरी: जवळजवळ काहीच नाही.
मारून टाकायचं, तर एका शब्दाचं काम.
शब्द टाइप केला. एन्टरवर बोट ठेवलं.
बाहेर कुठल्याशा जहाजाने भोंगा दिला,
माझ्यासाठी नव्हे, पण बोट उचललं गेलं.

‘इस्माईल परकार? रिटायर होऊन हर्णैला गेले,’
रात्रपाळीचा सकपाळ चहा ओततो,
‘करा फोन. रमजान आहे,
सहेरीला उठतीलच.’
मग थांबलो. अर्धं पारले बिस्कीट चहात पडलं,
ते काढण्यात बराच वेळ गेला.

पावणेचारला त्यांनी उचलला.
आधी कोण, मग कुठली, मग जेवलीस का.
मग हसले, मागे कुकरची शिट्टी.
‘अजून चालतंय ते? अगं, अकरा ओळी आहेत.
उरणहून बायका यायच्या पेन्शनला,
नवऱ्याचा फोटो, पासबुक, पिशवीत भाकरी.
ओहोटीत लाँच मोरा बंदराला लागायची नाही,
मग भाऊच्या धक्क्यावर तासन् तास.
काउंटरवरचीने स्क्रीनवर बघून सांगावं,
बाई, आत्ता निघा, नाहीतर चारनंतर या,
एवढ्यासाठी केलं होतं.
तिथी घ्यायची, पाऊणपट करायची,
आली भरतीची वेळ. माझ्या आजोबांचं गणित.
मंजुरी कुणाची घेतली नव्हती,
लिहून ठेवू नकोस कुठे.’
आज कुठली तिथी, मी विचारलं.
‘पंचमी,’ म्हणाले. ‘ठेवतो, अजानची वेळ होईल.’

पाच गुणिले पाऊण.
मी घड्याळाकडे पाहिलं.

मग त्या अकरा ओळींचा लॉग पाहिला.
वाटलं होतं, रिकामा असेल.
शेवटची विचारणा: काल दुपारी चार बारा,
काउंटर क्रमांक चार.
त्याआधी दोन दहा. त्याआधी एक चाळीस.
सहा वर्षं रोज.

त्यांना शेजारी हलवलं, ९०८१ वर,
जरा सरका म्हणावं तसं.
पोर्टल पुढे सरकलं आणि नव्व्याण्णववर पुन्हा रुसलं:
होस्टच्या फाइलीत नावापुढे
कुणीतरी एक जागा जास्त सोडलेली.
ती सापडायला तास गेला. तिची गोष्ट काही नाही.

सहा वीस. ‘यशस्वी. सूचना: १.’
सूचना मी वाचली नाही.

साडेदहाला हार, फोटो, कळ.
पावणेअकराला खालून फोन,
काउंटर चारच्या निमकर बाई, आवाज चढलेला:
‘तुमचं ते नवीन काय ते छान आहे हो,
पण माझं पाण्याचं पान कुठे गेलं?
इथे दोघीजणी उभ्या आहेत.’

जिना उतरताना
हाताच्या तळव्यावर पेनाने लिहून घेतलं:
शेवटी शून्य नाही, एक.