बर

कापलेल्या धातूच्या कडेला उरतो
केसाहून बारीक काटा.
वर्कशॉपात त्याला बर म्हणतात.
माझी माय एकोणतीस वर्षं बर काढत होती
चिकलठाण्याच्या एमआयडीसीत,
पत्र्याच्या शेडमध्ये, खिडकीजवळच्या बाकावर.

घरी आम्हाला एवढंच ठाऊक : विमानाचं काम.
मी शाळेत सांगायचो, माझी माय विमान बनवते.
पोरं म्हणायची, मग ती सिटी बसनं का जाते?
खरं तर तिच्या हाती यायचा
तळहाताएवढा टायटॅनियमचा तुकडा, चार भोकं.
कुठल्या विमानात, कुठं बसतो
तिला कुणी सांगितलं नाही.
डब्यातल्या भाकरीला कूलंटचा वास.

एकदा दोनशे नगांची पेटी पास होऊन आली.
मोजमाप ठीक. कागद ठीक. खाली सही.
मायनं तिसऱ्या भोकाच्या कडेवर अंगठा फिरवला
नि पेटी बाजूला सरकवली.
गोजमगुंडे सुपरवायझर म्हणाले,
प्रयागबाई, मशीन खोटं बोलायलंय का?
ती म्हणाली, मशीन बघायलंय. मी हात लावायलेय.
संध्याकाळची बस गेली. रात्री नऊला भिंग आलं.
एकशे एकेचाळीस नग परत.
शाबासकी नाही. त्या रात्रीचा ओव्हरटाइमही नाही.

आता पेन्शनसाठी हयातीचा दाखला.
सेवा केंद्रातला पोरगा म्हणतो, मावशी, अंगठा नीट ठेवा.
ती ठेवते. पदराला पुसून ठेवते.
दुसऱ्या दिवशी लिंबू चोळून येते.
यंत्रावर लाल दिवा.
धातूची बर काढता काढता
रेघाही निघून गेल्यात कधीतरी.
ती काचेवरचा अंगठा उचलून त्याला दाखवते,
बघ किती गुळगुळीत. पास कर की.

मुकुंदवाडीच्या आमच्या गच्चीवरून
सातचं विमान इतकं खाली दिसतं
की चाकं मोजावीत.
माय वर बघत नाही.
वाळलेले सांडगे डब्यात भरते,
डब्याच्या कडेवरून एकदा अंगठा फिरवते, मग झाकण.

मी पुण्याहून फोन करतो. कसं काय, माय?
ती घाईत असते, नेहमीसारखी.
शब्दावरचं टिंब कधी लागतं, कधी नाही.
बरं आहे म्हणाली
की बर आहे,
फोनवर
अंगठा फिरवून बघता येत नाही.